कडेवरून दिसलेली मुंबई

अगदीं लहान मुलें बरोबर घेऊन मोठ्या शहरीं जाऊं नये, असें सांगणारे लोक आपल्याकडे पुष्कळ आहेत. आणि त्यांचें सांगणें अगदींच निराधार आहे असें नाहीं. मुलें दमतात, वेळीं अवेळीं रडतात, परक्या पाण्यानें आजारी पडतात. आईबापांना धड कांहीं पाहतां येत नाहीं, आणि मुलांना पाहिलेलें आठवत नाहीं. या शेवटच्या मुद्द्यावर तर ही मंडळी विशेष भर देतात. खर्च बापाचा, हाल आईचे, आणि मुलांच्या खातीं शिल्लक शून्य, असा हा एकंदर जमाखर्च आहे!

शास्त्रहि याच पक्षाला मिळालेलें आहे. बहुतेक माणसांची पहिली आठवण तिसऱ्या-चौथ्या वर्षांच्या फारशी मागें जात नाहीं, असें मानसशास्त्रज्ञ सांगतात. दीड-दोन वर्षांच्या मुलाला घडलेली गोष्ट आठवत नाहीं असें नव्हे. ती कांहीं महिने चांगली आठवते, पण पुढें भाषा आणि ‘मी’पणा पक्का होत जातो तशी ती कोठें तरी विरून जाते. म्हणजे आम्ही सव्वातीन वर्षांच्या मुलीला आणि अकरा महिन्यांच्या मुलाला घेऊन मुंबईस निघालों, तेव्हां त्या सहलींतलें मुलीला फार थोडें व मुलाला मुळींच कांहीं उरणार नाहीं, हें आम्ही जाणून होतों. तरीहि निघालों, कारण गिरगांवांत आमची आत्या होती. तिनें नव्वदी ओलांडली होती, आणि अलीकडे तिची स्मृति एकेक दिवा मालवावा तशी मालवत चालली होती. मुलें पुढल्या वर्षीं अधिक मोठीं झालीं असतीं हें खरें. पण पुढल्या वर्षीं आत्या असतीच असें कोणी सांगावें?

सांगलीहून रात्रीं महालक्ष्मी एक्सप्रेसनें आम्ही निघालों. पांच वर्षांखालील मुलाला रेल्वे भाडें आकारीत नाहीं आणि निराळी जागाहि देत नाहीं. तिच्या लेखीं तें मूल म्हणजे आईबापांच्या सामानाचाच एक भाग. प्रत्यक्षांत मात्र बिनभाड्याच्या त्या दोन उतारूंनीं आमच्या दोन्ही जागा व्यापल्या, आणि भाडें भरलेले दोघे त्यांच्या पायांशीं अंग चोरून बसले. बोरघाटांतले बोगदे मुलीला दाखवावे अशी आमची फार हौस होती. हजारों मजुरांनीं वर्षानुवर्षें खपून बांधलेला हा घाटमार्ग १८६३ सालीं सुरू झाला, वगैरे माहिती आम्हीं पाठहि करून ठेविली होती. घाट आला तेव्हां मुलगी गाढ झोपेंत होती. आणि ज्या माणसाला आपलें पांडित्य सांगावयाचें तेंच झोपलेलें असलें म्हणजे पांडित्याला किती केविलवाणें वाटतें, याचा आम्हांस त्या पहांटे अनुभव आला.

छत्रपति शिवाजी महाराज टर्मिनसची इमारत २००४ पासून जागतिक वारशांत गणली जाते. तिच्या कमानी, घुमट, दगडांत कोरलेले प्राणी आम्ही बोटानें दाखवीत होतों. मुलगी मात्र फलाटावर सांडलेले चुरमुरे टिपणाऱ्या एका कबुतरामागें लागली होती. पुढें जमिनीखालून गिरगांवाकडे जाणारी मेट्रो धरली. २०२५ सालच्या ऑक्टोबरांत ती या बाजूला सुरू झाली. आमच्या विद्यार्थिदशेंत या रस्त्याखालून कधीं गाडी धांवेल असें कोणी म्हटलें असतें तर आम्ही हंसलों असतों. त्या सगळ्या चमत्कारांतून मुलीनें एकच निवडून घेतला, आणि तो म्हणजे सरकता जिना. तो जिना तिनें आम्हांस तीन वेळां चढावयास लावला.

बाबागाडी आम्हीं मोठ्या विश्वासानें बरोबर नेली होती. परंतु मुंबईचे पदपथ कोठें गुडघ्याएवढे उंच, कोठें खणलेले, कोठें फेरीवाल्यांनीं भरलेले; त्यांवर ती चार पावलें सरळ चालेना. ती घडी करून काखेंत धरिली, आणि मुलांना कडेवर घेतलें. लहान मुलाला दूध पाजावयास चार हात आडोसा, त्याला धुण्यापुसण्यास स्वच्छ पाणी, बसावयास सावलीचें बांकडें, या गोष्टी एवढ्या श्रीमंत शहरांत किती दुर्मिळ आहेत, हें कडेवर मूल असल्यावांचून कळत नाहीं. एकट्या पुरुषानें दहा वर्षें मुंबईंत काढलीं तरी त्याला हा भूगोल अज्ञातच राहतो. आमचेंहि तसेंच झालें होतें.

दुसरे दिवशीं सकाळीं भायखळ्याची राणीची बाग पाहिली. दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्यावरचे पेंग्विन पक्षी २०१६ सालीं येथें आणले आहेत, आणि त्यांच्यासाठीं कांचेआड हिंवाळा निर्माण केला आहे. मुलीनें त्यांच्याकडे शिष्टाचारापुरतें पाहिलें, आणि बाहेर येतांच माळ्याच्या हातांतल्या पाण्याच्या नळीपुढें ती अर्धा तास खिळून राहिली. बागेंतच, भाऊ दाजी लाड संग्रहालयाजवळ, घारापुरीचा दगडी हत्ती उभा आहे. त्याच्यावरूनच पोर्तुगिजांनीं त्या बेटाला एलेफंटा हें नांव दिलें. १८६४ सालीं त्याला विलायतेस नेण्याचा घाट घातला गेला, तेव्हां उचलतां उचलतां तो पडून फुटला. मग ते तुकडे या बागेंत आले आणि पुढें सांधून हत्ती पुन्हा उभा करण्यांत आला. हा इतिहास ऐकण्याच्या मनःस्थितींत मुलगी नव्हती. तिनें आपलें अर्धें बिस्किट त्याच्या सोंडेपुढें धरलें, आणि तो खात नाहीं असें पाहून, “त्याला भूक नाहीं,” असा निर्णय दिला.

परततांना भायखळ्यास लोकल धरली. १६ एप्रिल १८५३ रोजीं आपल्या देशांतली पहिली उतारूंची गाडी बोरीबंदराहून ठाण्यास गेली ती याच वाटेनें. पण आज येथें गाडी जेमतेम अर्धें मिनिट थांबते, आणि तेवढ्यांत चढणें ही एक विद्याच आहे. दोन मुलें, एक पिशवी आणि ती निरुपयोगी बाबागाडी यांसह आपलें कसें होणार या चिंतेंत आम्ही असतांच दारांतून एक हात पुढें आला, धाकट्याला अलगद उचलून आंत गेला, आणि आम्ही आंत शिरलों तों तो एका अनोळखी उतारूच्या मांडीवर बसून त्याच्या चष्म्याला हात घालीत होता! दुसऱ्या कोणीं पिशवी वर ठेविली, तिसऱ्यानें मुलीला खिडकीची जागा दिली. कोणीं कोणाचें नांव विचारलें नाहीं. एकटें फिरतांना जी गर्दी आम्हांस कोपरांनीं ढकलीत असे, तिलाच मुलाकरितां असे हात फुटतात, ही गोष्ट इतकीं वर्षें आमच्या नजरेस आली नव्हती.

आत्याकडे मुक्काम तीन दिवस होता. चाळीचा लांकडी जिना, समाईक गॅलरी, दारांतली तुळस, सारें पूर्वीसारखेंच होतें. कॉलेजचीं चार वर्षें आम्हीं याच दोन खोल्यांत काढलीं. मुलांची आई तेव्हां आमच्या आयुष्यांत अजून यावयाची होती. आत्यानें आम्हांस ओळखलें, पण आम्हांस मुलें आहेत ही गोष्ट कांहीं तिच्या ध्यानांत टिकेना. “हीं गोड पोरें कोणाचीं रे?” असें ती विचारी. “आमचींच, आत्या. तुझ्या भावाचीं नातवंडें.” “अगबाई! मग त्यांना खाऊ नको का द्यायला?” असें म्हणून ती उशाजवळच्या डब्यांतून मुलीच्या हातावर खडीसाखरेचा खडा ठेवी. पांच मिनिटांनीं पुन्हा तोच प्रश्न, तेंच आश्चर्य, आणि पुन्हा एक खडा. आमचे डोळे भरून येत. मुलीला मात्र एवढी उदार आजी जगांत दुसरी नसेल असें वाटूं लागलें.

तिसऱ्या दिवशीं धाकटा कांहीं केल्या रडावयाचा थांबेना. आत्या खाटेवर भिंतीला टेकून, पाय लांब करून बसली होती. “आण इकडे त्याला,” ती म्हणाली. ‘हा कोण’ हें तिनें या वेळीं विचारलेंहि नाहीं. त्याला तिनें आपल्या पायांवर पालथा घेतला, तेलाची वाटी मागितली, आणि पाठीच्या कण्यापासून टांचांपर्यंत तिचे हात एका संथ लयींत फिरूं लागले. तिला स्वतःला मूल झालें नाहीं. पण या चाळीच्या दोन पिढ्या तिच्या पायांवरून न्हाऊन गेल्या आहेत. भावाचें नांव विसरणाऱ्या त्या बाईच्या बोटांना कोठें दाबावें आणि कोठें नुसतें टेकावें हें नेमकें आठवत होतें. घटकाभरांत पोर शांत झालें आणि तिच्या पायांवरच झोपी गेलें.

त्या भेटींतलें आतां काय उरणार? आत्या तें त्याच संध्याकाळीं विसरली; मुलाला तें कधींच आठवणार नाहीं. हिशेब पाहणाऱ्यांचें म्हणणें येथें अक्षरशः खरें ठरतें. पण आमच्या मनांत असें येतें कीं, आम्हां सर्वांना लहानपणीं कोणीं तरी असेंच पायांवर घेतलें, कडेवर मिरवलें, गर्दींतून उचलून आंत घेतलें, आणि त्यांपैकीं कांहींहि आम्हांस आठवत नाहीं. तरी परक्याच्या मुलाकडे आपला हात आपोआप जातो, तो कोठून शिकलेला असतो? लोकलच्या दारांतून पुढें आलेल्या त्या हातालाहि आपला गुरु ठाऊक नसणार. आठवण ही वहींतली नोंद आहे. पण माणसाचें सारेंच भांडवल वहींत नोंदलेलें नसतें.

म्हणून लहान मुलांसह मोठ्या शहरीं जाणाऱ्यांना आमचें एवढेंच सांगणें आहे. पाहावयाच्या स्थळांची यादी निम्मी करावी. दिवसाला एकच ठिकाण धरावें. बाबागाडी घरीं ठेवावी. पेंग्विन गाळले तरी चालतील, बोगदे तर झोपेंतच निघून जातात. पण त्या शहरांत एखाद्या जुन्या जिन्यावर, नांव विसरून का होईना, मुलाकडे हात पुढें करणारें कोणी असेल, तर तें घर मात्र यादींतून गाळूं नये.