ग्राउंडवरच्या पोरांविषयी

चंद्रपूर

चि. बाळ,


गडचिरोलीच्या महाविद्यालयात शारीरिक शिक्षण संचालक म्हणून तू रुजू झालीस, हे तुझ्या आईनं फोनवर सांगितलं. फार आनंद झाला. सराव, आहार, दुखापती हे सगळं तू शिकून आली आहेस. मी लिहितोय ते पोरांच्या मनाविषयी, कारण आपल्या दोन जिल्ह्यांत त्याबद्दल कोणी बोलत नाही.

तुझ्या ग्राउंडवर पहाटे येणारी बरीचशी पोरं भरतीची असतील. नाव बी.ए.ला, क्रॉसकंट्रीत महाविद्यालयाकडून धावणार, पण डोळा पोलीस भरतीवर. 1600 मीटर 5 मिनिटं 10 सेकंदांच्या आत आलं तर 20 पैकी 20 गुण. पुढे गेलं की गुण घसरत जातात. घरी थोडी धानाची शेती, उन्हाळ्यात तेंदूपत्ता, आणि सगळ्या घराचं लक्ष या एकाच्या पायांकडे. अशा पोराचा गुडघा दुखला की त्याला घोर एकट्या गुडघ्याचा नसतो. लहान बहिणीचं शिक्षण, बापाचं कर्ज, गावात दाखवायचं तोंड, सगळं त्या गुडघ्यात येऊन बसतं.

‘मन उदास आहे’ असं तो तुला कधीच सांगणार नाही. ‘मॅडम, पाय जड पडून राह्यले’, ‘झोप नाही लागत’, ‘घरी काम आहे’, असं म्हणेल आणि एक दिवस यायचाच बंद होईल. घरचं काम खरंही असेल. धानकापणी आणि आंतरमहाविद्यालयीन सामने जवळजवळ एकाच हंगामात येतात. पावसाळ्यात पर्लकोटा नदी चढली की भामरागडचा रस्ताच बंद होतो, मग निवड चाचणीला पोहोचायचं कसं? त्याला बेशिस्त ठरवण्याआधी एवढं विचार.

पाय जड पडतात म्हणाला तर आधी रक्त तपासून घे. आपल्याकडे सिकलसेल आहे, मलेरिया आहे, मुलींत रक्त कमी असणं तर घरोघरी. मलेरियातून उठलेल्या पोराचा वेग काही आठवडे परत येत नाही आणि तो समजतो, आपण संपलो. सिकलसेलचा वाहक असलेल्याला आपल्या उन्हात अति दमवणं जिवावर बेतू शकतं. अशा पोरांना ‘मनानं कच्चा’ म्हणून ओरडणं मला क्रूर वाटतं. रक्ताचं कारण सापडलं की अर्धी भीती तिथेच उतरते. नाही सापडलं, तर मनाकडे वळायचं.

मिशन शौर्य तुला आठवत असेल. मे 2018 मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या आश्रमशाळांची पाच मुलं एव्हरेस्टवर पोहोचली: मनीषा धुर्वे, प्रमेश आळे, उमाकांत मडावी, कविदास काटमोडे आणि विकास सोयाम. पंतप्रधानांनी ‘मन की बात’मध्ये त्यांचं कौतुक केलं, सरकारनं प्रत्येकाला 25 लाख रुपये जाहीर केले. त्यांचा अभिमान मलाही आहेच. पण मोहिमेवर दहा जण गेले होते. उरलेल्या पाचांनी तेच प्रशिक्षण घेतलं होतं, तीच थंडी सोसली होती. कुणाची तब्येत, कुणाचा श्वास, शिखर राहिलं. त्यांची नावं आज चंद्रपुरात किती जणांना सांगता येतील? वेळेवर मागे फिरणं हा पर्वतावरचा मोठा शहाणपणा. पण गावात परतल्यावर तो शहाणपणा कोण मोजतं? माझ्या मते मनाच्या आरोग्याचं काम त्या पाचांपासून सुरू व्हायला हवं होतं. ज्यांना हार घातले जातात त्यांच्यासाठी सगळे असतात.

अर्थात हार घातलेल्यांचंही सोपं नसतं. नेमबाज अभिनव बिंद्रा यांनी 2008 च्या बीजिंग ऑलिंपिकमधल्या सुवर्णपदकानंतर आलेल्या रितेपणाबद्दल मोकळेपणानं सांगितलं आहे. जिम्नॅस्ट सिमोन बाइल्स 2021 ला टोकियोत मनाचं कारण सांगून स्पर्धांतून बाजूला झाली आणि 2024 ला पॅरिसमध्ये तीन सुवर्णपदकं घेऊन गेली. हे पोरांना सांग. थांबलेला माणूस परत येतो, हे त्यांना माहीत असू दे.

आणखी एक जड गोष्ट. ऑगस्ट 2025 मध्ये गडचिरोली जिल्ह्यात काटलीजवळ सकाळी रस्त्यावर व्यायाम करणाऱ्या मुलांवर ट्रक गेला, चार मुलं गेली. तशाच रस्त्यांवर धावत मोठी झालेली पोरं तुझ्याकडे येतील. त्यांना रस्त्याची भीती वाटत असेल, कुणी मित्र गमावला असेल. विचारल्याशिवाय ती बोलणार नाहीत.

तू डॉक्टर नाहीस, व्हायचा प्रयत्नही करू नकोस. ऐकून घे, आणि ऐकलेलं स्टाफरूममध्ये नेऊ नकोस; लहान गावात गोष्ट संध्याकाळपर्यंत घरी पोहोचते आणि पोरगा पुन्हा तोंड उघडत नाही. जीव नकोसा झाल्याचं कुणी बोललं तर त्याला एकटं सोडू नको, त्याच दिवशी जिल्हा रुग्णालयात स्वतः घेऊन जा. ‘डोक्याच्या डॉक्टरकडे’ एकट्यानं जायला आपली पोरं धजत नाहीत. टेली मानस या सरकारी हेल्पलाइनचा 14416 हा नंबर फुकट आहे, रात्रंदिवस चालतो, मराठीत बोलता येतं. क्रीडासाहित्याच्या खोलीच्या दारावर मोठ्या अक्षरात लिही. आणि प्राचार्यांकडे समुपदेशकाची मागणी लेखी कर. 100 किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थेत प्रशिक्षित समुपदेशक हवा, असं सर्वोच्च न्यायालयानं जुलै 2025 मध्ये सांगितलं आहे. नकार आला तर तोही लेखी घे.

विद्यापीठाच्या स्पर्धांसाठी लवकरच तुला संघ निवडावा लागेल. ज्यांची निवड होणार नाही त्यांना आधी एकेकटं भेट, कारण सांग, उद्याच्या सरावाची वेळ सांग. यादी त्यानंतरच फलकावर लाव.

तुझा,
मामा