वॉलपेपरमधलं धरण

माझ्या लॅपटॉपचा वॉलपेपर सॉलिड हिट आहे. पुण्यातल्या कुठल्याही कॅफेत बसा, शेजारच्या टेबलावरून कुणीतरी हमखास विचारतं, ‘कुठलं गं हे? कोकण?’ मग मी कॉलर ताठ करून सांगते, ‘छे! वर्धा. आमच्या शेतातलं धरण.’

धरण म्हणजे काय, तर सेलू तालुक्यातल्या आमच्या वावरात नाल्यावर घातलेली मातीची पाळ. दोन पुरुष उंच. मी दहावीत असताना मोठेबाबांनी, म्हणजे माझ्या वडिलांच्या थोरल्या भावांनी, स्वतःच्या पैशांनी बांधलेली. त्याआधी दर पावसाळ्यात नाला फुगायचा, वावराची माती खरवडून न्यायचा आणि खालच्या पाच-सहा घरांत गुडघाभर पाणी शिरायचं. पाळ झाली आणि पुराची कटकट संपली. मोठेबाबा गावात हिरो!

मागच्या जूनमध्ये त्यांचा फोन आला. एकदम खुशीत. ‘पोरी, औंदा सांडवा बुजवला. चार फूट पाणी जास्त राहीन. हरभऱ्याले दोन ओलित पक्के!’

मी ‘वा, मस्त!’ म्हणून फोन ठेवला. आणि रात्री झोप उडाली.

कारण तिवरे. २ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण फुटलं आणि वीसच्या आसपास माणसं वाहून गेली. तेही मातीचंच धरण. गळतीच्या तक्रारी गावकऱ्यांनी आधीच केल्या होत्या. नंतर मंत्रिमहोदयांनी खापर खेकड्यांवर फोडलं आणि आपण सगळ्यांनी त्यावर भरपूर जोक फॉरवर्ड केले. मीसुद्धा. त्याच वर्षी मी ‘धरणांचं ऑडिट कोण करणार?’ असा तावातावाने लेखही लिहिला होता. घरच्या धरणाचं ऑडिट? ते माझ्या डोक्यातही आलं नव्हतं.

दोन डेडलाइन पुढे ढकलल्या आणि महाराष्ट्र एक्स्प्रेस पकडली. वर्ध्यातल्या ओळखीच्या एका निवृत्त इंजिनीअर काकांना सोबत घेऊन थेट वावरात गेले.

काकांनी सांगितलेला फंडा अगदी सोपा होता. मातीचं धरण बहुतेक वेळा दोन कारणांनी जातं. एक, पाणी माथ्यावरून वाहायला लागलं की ते माती कापत जातं आणि काही तासांत खेळ खलास. सांडवा असतो तो हेच टाळायला. पाळीच्या टोकाला, कडक जमिनीत, जास्तीचं पाणी सुखरूप बाहेर काढणारी वाट. दुसरं, पाणी पाळीच्या आतून वाट काढतं. आपल्याकडची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते. पहिल्या पावसाचं पाणी त्या भेगांत शिरतं. झाडांची कुजलेली मुळं, उंदरा-खेकड्यांची बिळं त्यात भर घालतात. खालच्या बाजूने नितळ पाणी पाझरत असेल तर लक्ष ठेवायचं. गढूळ आलं तर धावायचं, कारण पाण्यासोबत आतली माती निघालेली असते.

मोठेबाबांनी पाळीवर हौसेने सुबाभूळ लावलं होतं. आणि सांडव्यात मातीच्या गोण्या रचल्या होत्या.

‘२०२२ मंदी केवढा पाऊस झाला! हिंगणघाटाकडे पूर आला. आपली पाळ फुटली काय तवा? मंग?’ मोठेबाबा चिडले होते.

‘तेव्हा सांडवा उघडा होता, भाऊ,’ काका शांतपणे म्हणाले.

खरी गोम इथेच होती. पूर अडवायचा तर तलावात जागा रिकामी हवी. ओलित करायचं तर तलाव भरलेला हवा. एकाच पाळीकडून दोन्ही मागितलं की कुणाच्या तरी वाट्याला जोखीम येते.

कुणाच्या, ते बघायला मी खाली वस्तीवर गेले. आमच्याकडे सालदार असलेल्या भाऊंचं पहिलंच घर. काकूंनी चहा ठेवला. मी सहज विचारलं, ‘भीती वाटते का हो, काकू?’ त्या चुलीकडे बघत म्हणाल्या, ‘रातच्याले पाणी लागलं का आमी झोपत नाही, बाई. पोट्ट्यायले उठवून बसवतो. पण मालकाले कोन सांगन?’

एक घनमीटर पाण्याचं वजन एक टन. काकांच्या अंदाजाने आमच्या तलावात वीस हजार घनमीटर मावतं. वीस हजार टन पाणी या घराच्या डोक्यावर, आणि माझ्या स्क्रीनवर तो नुसता छान फोटो!

सरकार काय करतं, असं विचाराल तर २०२१ चा धरण सुरक्षा कायदा आहे. पण तो १५ मीटरपेक्षा उंच धरणांसाठी, आणि १० ते १५ मीटरमधल्या काही ठरावीक धरणांसाठी. आमची पाळ त्यात बसतच नाही. म्हणजे तिचं इन्स्पेक्शन करणारे आम्हीच.

त्या रात्री जेवताना मी काकूंचं वाक्य मोठेबाबांना जसंच्या तसं सांगितलं. ते काही बोलले नाहीत. ताट अर्धं टाकून उठले. मला वाईट वाटलं. माझ्या मास कॉमच्या फिया याच हरभऱ्यातून भरल्या गेल्या होत्या, हे मी कसं विसरू?

सकाळी उठले तर ते घरात नव्हते. सांडव्यावर सालदार भाऊ आणि ते, दोघं मिळून गोण्या काढत होते. मी पण हात लावला. सुबाभूळ मात्र लगेच उपटायचं नाही, असं काकांनी बजावलं होतं. भर पावसाळ्यात मुळांच्या जागी खड्डे राहिले तर आणखी पंचाईत. ते काम उन्हाळ्यात, माती नीट दाबून.

हरभऱ्याला एकच ओलित मिळालं. उतारा घटला. मोठेबाबांनी ते मला दोनदा ऐकवलंही.

पण जुलैत एका रात्री साडेअकराला त्यांचा फोन आला. मागे धो धो पावसाचा आवाज.

‘सांडवा चालू हाय. बॅटरी घेऊन खालून पाहून आलो. पाणी नितळ हाय.’

‘आणि वस्तीवर?’

‘फोन केला त्यायले. म्हनलं, झोपा आता. मी जागा हाय.’

वॉलपेपर मी अजून बदललेला नाही. फक्त फोटो नवा टाकलाय, त्यात खालची घरंही दिसतात.