प्रेक्षकांची आगाऊ रक्कम

'द एक्स्पान्स' ही अमेरिकेतील अवकाशमालिका २०१८ साली सायफाय वाहिनीने तिसऱ्या पर्वानंतर बंद केली, तेव्हा तिला चाहते नव्हते असे नाही. वाहिनीकडे केवळ पहिल्या प्रक्षेपणाचे हक्क होते. पुढे सवडीने पाहणाऱ्यांकडून तिला काहीच मिळत नसे. माल खपत होता, गल्ला मात्र दुसऱ्याचा. तेव्हा चाहत्यांनी वर्गणी काढून एक विमान भाड्याने घेतले आणि मालिका वाचवण्याची विनवणी करणारा फलक सांता मोनिका येथील अ‍ॅमेझॉनच्या स्टुडिओवरून फिरवला. त्याच महिन्यात अ‍ॅमेझॉनने मालिका पत्करली. आणखी तीन पर्वे निघाली आणि जानेवारी २०२२मध्ये ती संपली.

त्या वर्गणीतून मालिकेचा एकही प्रसंग चित्रित झाला नव्हता, हे विसरू नये. ती मागणीची दवंडी होती. भांडवल अ‍ॅमेझॉनचेच होते. अंतराळयाने आणि परग्रह पडद्यावर उभे करणे हा वर्गणीच्या आवाक्यातला व्यवहार नव्हे.

'मिस्टरी सायन्स थिएटर ३०००'चे गणित निराळे. एक माणूस आणि बाहुल्यांचे यंत्रमानव सुमार चित्रपट, त्यातही बरेचसे विज्ञानपट, पाहतात आणि त्यांची यथेच्छ टिंगल करतात, एवढाच मामला! १९९९मध्ये बंद पडलेल्या या कार्यक्रमासाठी त्याचे जनक जोएल हॉजसन यांनी २०१५ साली किकस्टार्टरवर लोकांना साद घातली. ४८ हजारांहून अधिक जणांनी ५७ लाख डॉलरांवर रक्कम दिली. नेटफ्लिक्सने दोन पर्वे दाखवून हात आखडता घेतला, तेव्हा २०२१मध्ये पुन्हा निधी जमला आणि मंडळींनी स्वतःचे ऑनलाइन चित्रगृहच थाटले.

रक्कम देणारा मात्र भागीदार होत नाही. त्याला भेटवस्तू मिळते, क्वचित श्रेयनामावलीत नाव येते. नफ्यात वाटा किंवा मालकी नाही. पेढीवर बसणाऱ्या माणसाला हा व्यवहार चमत्कारिकच वाटावा. 'अ‍ॅक्सनार' या चित्रपटासाठी 'स्टार ट्रेक'च्या चाहत्यांनी दहा लाख डॉलरांहून अधिक दिले. पण कथाविश्व दुसऱ्यांचे होते. २०१५च्या अखेरीस सीबीएस आणि पॅरामाउंट न्यायालयात गेले. २०१७मध्ये तडजोड झाली आणि मोठ्या चित्रपटाऐवजी प्रत्येकी पंधरा मिनिटांच्या दोन भागांचीच मुभा उरली.

आणि प्रेमाचा खिसाही अथांग नसतो. हॉजसन यांच्या मंडळींनी २०२३मध्ये नव्या पर्वासाठी पुन्हा निधी मागितला, पण या वेळी ठरवलेली रक्कम जमली नाही.