जित्याच्या ओटीवर

पनवेलीहून रोह्याकडे निघालेली गाडी आपट्यास थांबून पुढें सुटली, म्हणजे कर्नाळ्याचा सुळका हळूहळू मागें राहतो आणि थोड्याच वेळांत जिते स्टेशन येतें. आपट्यापुढील हा लोहमार्ग १९८६ सालीं झाला; त्यापूर्वीं येथें येणारास खारपाड्याचा पूल ओलांडून मोटारीनेंच यावें लागे. पुढचें स्टेशन हमरापूर. गणपतीच्या मूर्तींसाठीं नांवाजलेल्या हमरापूर-जोहें या गांवांच्या शेजारीं असल्यामुळें चैत्राच्या उन्हांतही या पट्ट्यांत वाटेच्या कडेस बिनरंगाचे गणपति रांगेनें वाळत बसलेले दिसतात. भाद्रपदास अजून पांच महिने आहेत याची त्यांस फिकीर दिसत नाहीं.

आम्ही मात्र गणपतीसाठीं गेलों नव्हतों. कारण सांगतांना थोडा संकोच होतो. आमच्या एका जुन्या स्नेह्यांचें घर जित्यास आहे. त्यांचा भाचा अमेरिकेंत व्हर्जिनिया प्रांतीं नोकरीस असून यंदा सुटींत मामाकडे आला होता, आणि येतांना त्यानें राय व्हिस्कीची एक बाटली आणली होती. ही व्हिस्की थोडीच निघते, दुकानोदुकानीं मिळत नाहीं, म्हणून मामांनीं चार समवयस्कांस बोलावून तिची चव पाहावी, असा त्याचा आग्रह. वाचकभगिनींनीं येथेंच मासिक मिटूं नये अशी विनंति आहे. आमचें वय पासष्ट, आणि सर्दीवर डॉक्टरानें दिलेल्या चमचाभर ब्रँडीपलीकडे आमचा या विषयांतला अनुभव नव्हता.

स्नेह्यांच्या मातोश्रींनीं नव्वदी ओलांडली असली तरी कान शाबूत आहेत. ‘राय’ ऐकून त्यांनीं माजघरांतून विचारलें, “मोहरीची दारू? मोहरीची कधींपासून करूं लागले?” मोहरीशीं या रायचा संबंध नाहीं. हें गव्हाच्या जातकुळींतलें एक धान्य. थंडी आणि निकस जमीन दोन्ही सोसणारें. युरोपच्या उत्तरेकडील लोक त्याची काळसर भाकरी खातात. अमेरिकेंतील कायद्याप्रमाणें जिच्या धान्यांत निदान ५१ टक्के राय असेल, आणि जी आंतून जाळून काढलेल्या कोऱ्या ओकच्या पिपांत मुरविली असेल, तिलाच राय व्हिस्की म्हणतां येतें. एवढें समजल्यावर मातोश्रींनीं दोन अटी घातल्या. घरांतलें भांडें बाटवूं देणार नाहीं, आणि जें काय करायचें तें ओटीवर, देवघराकडे पाठ करून. त्यामुळें औषधाचे कांचेचे पेले बाहेर आले.

आमचे स्नेही सरकारी नोकरींत हयात घालविलेले. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याप्रमाणें महाराष्ट्रांत पिणारास आजही परवाना लागतो, हें जाणून त्यांनीं आम्हां सर्वांचे एका दिवसाचे परवाने आधींच काढून ठेवले होते. पेणच्या पोह्यांच्या भाजलेल्या पापडांचें ताट मध्यें, आणि त्याखालीं वाऱ्यानें उडूं नयेत म्हणून दाबलेले परवाने, अशी ती बैठक होती.

बाटलीची कुळकथा भाच्यानें सांगितली, ती ऐकण्यासारखी आहे. अमेरिकेचे पहिले अध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन १७९७ सालीं अधिकारपद सोडून माउंट व्हर्नन येथील आपल्या मळ्यावर परतले. जेम्स अँडरसन नांवाचा त्यांचा स्कॉटिश कारभारी होता. त्याच्या सल्ल्यानें त्यांनीं तेथें दारूची भट्टी घातली. तांब्याचीं पांच पात्रें होतीं. घटकद्रव्यांत राय ६० टक्के, मका ३५ टक्के आणि मोड आणून वाळविलेले जव ५ टक्के. १७९९ सालीं या भट्टीनें सुमारें ११,००० गॅलन दारू काढली. तेव्हांच्या अमेरिकेंतील मोठ्या भट्ट्यांत तिची गणना होई. त्याच वर्षाच्या डिसेंबरांत वॉशिंग्टन वारले, १८१४ सालीं भट्टीची इमारत जळाली, आणि पुढें जवळजवळ दोन शतकें तेथें नुसता पाया उरला. २००७ सालीं ती जुन्या बांधणीप्रमाणें पुन्हां उभी केली गेली, आणि जुन्याच प्रमाणानें तेथें आतां थोडीथोडी राय निघते. आमच्या पुढ्यांतली चार वर्षें पिपांत मुरलेली होती. गंमत अशी, कीं वॉशिंग्टनच्या काळीं ती मुरवीत नसत. भट्टींतून निघाली कीं विकली जाई. तेव्हां आम्हांपुढें आलेली ही मुरलेली चव खुद्द मालकाच्याही वाट्यास आली नसावी.

भट्टीवर प्रत्यक्ष राबणारे सहा गुलाम होते. त्यांचीं नांवें कागदोपत्रीं राहिलीं आहेत : हॅन्सन, पीटर, नॅट, डॅनिएल, जेम्स व टिमोथी. आडनांव एकासही नाहीं. भाच्यानें हीं नांवें बोटांवर मोजून सांगितलीं आणि मगच बूच काढलें. त्याचें हें करणें आम्हांस आवडलें.

रंग पातळ काकवीचा. पेला नाकाशीं नेतांच प्रथम स्पिरिटाचा झटका बसला व डोळ्यांस पाणी आलें. दुसऱ्या वेळीं अंतर राखून हुंगलें तेव्हां शहाजिऱ्याचा वास आला, मागाहून मिऱ्यांचा, आणि सर्वांखालीं आजीच्या पेटींतल्या जुन्या लाकडाचा. पहिला घोट म्हणजे शिक्षाच होती. जीभ भाजली आणि घशांत ओव्याचा अर्क ओतल्यासारखें झालें. भाच्यानें प्रत्येकाच्या पेल्यांत चमचाभर पाणी घातलें. पाण्यानें चव मरेल असें आम्हांस वाटलें होतें, झालें उलटें. तिखटपणा मागें सरला आणि खारकेसारखी, किंचित् करपलेल्या गुळासारखी गोडी पुढें आली. ती लाकडाची देणगी. ओक आंतून जाळला म्हणजे त्यांतले गोड पदार्थ सुटे होतात आणि उन्हाळ्या-हिवाळ्यांत दारू त्या लाकडांत शिरते व बाहेर येते. तिसरा घोट आम्हांस आवडला, हें लपविण्यांत अर्थ नाहीं. आवडला म्हणून थोडी भीतिही वाटली.

इतक्यांत परसाकडून एक कातकरी बाई पाटी घेऊन आल्या. पाटींत मोहाचीं फुलें होतीं. चैत्रांत पहाटे मोहाखालीं फुलांचा सडा पडतो. रसरशीत, फिकट पिवळीं, मण्यांसारखीं फुलें. मातोश्री तीं दरवर्षीं घेतात. पेले पाहून बाई म्हणाल्या, “औषध घेतां काय, दादा?”

“औषध कसलं! दारू आहे ती, अमेरिकेची,” आंतून उत्तर आलें.

“सरकारची का चोरीची?”

आमच्या स्नेह्यांनीं हंसत पापडाच्या ताटाखालचा परवाना काढून दाखविला. बाईंस वाचतां येत नव्हतें, पण शिक्का कळला. “बरं हाय,” त्या म्हणाल्या, “आमच्या सासऱ्याची नुसती फुलं शिपायानं मातींत ओतली हुती.”

भाच्यानें त्यांच्यापुढें पेला धरला. त्यांनीं क्षणभर हुंगून पाहिलें. “हिला फुलाचा वास नाय. लाकूड लागतंय.” अर्धा तास आम्ही चौघे जें शब्द जुळवून म्हणत होतों तें त्यांनीं एका श्वासांत सांगितलें. भाचा खूष झाला आणि म्हणाला, “एक घोट घेऊन पाहा ना, मावशी.” बाईंनीं पेल्यावर तळहात आडवा धरला. “नगो. आमचा धनी हिच्यापायींच गेला.”

यावर कोणी कांहीं बोललें नाहीं. मातोश्रींनीं बाहेर येऊन फुलें मापून घेतलीं, पैसे दिले, आणि बाईंस चहासाठीं मागल्या पडवींत बसविलें.

सासऱ्याची गोष्ट आम्हांस प्रथम अतिशयोक्तीची वाटली. पण ती तशी नव्हे. १८७८ च्या आबकारी कायद्यानें मुंबई इलाख्यांत घरोघरची भट्टी गुन्हा ठरली व दारू गाळण्याचा हक्क मक्तेदारांकडे गेला. आमच्या याच जिल्ह्यांत आज मोडणाऱ्या उरणास तेव्हां मोहाच्या दारूच्या मोठ्या भट्ट्या होत्या, आणि त्या पारशी व्यापाऱ्यांच्या हातीं होत्या. तरीही रानांत चोरून दारू गाळली जाते, म्हणून १८९२ सालीं ठाणें व कुलाबा या दोन जिल्ह्यांसाठीं खास मोहाचा कायदा झाला आणि दारूवरच नव्हे तर फुलांवरही निर्बंध आले. ज्या झाडाचें फूल उपासमारीच्या दिवसांत पोटाला आधार देई, तें घरांत सांपडणें हाच पुरावा! कुलाब्याचें नांव १९८१ सालीं रायगड झालें. फुलांवरील बंधनें महाराष्ट्र सरकारनें उठविलीं तीं २०२१ सालीं.

आणि आतां तेंच फूल बैठकींत आलें आहे. डहाणूच्या एका पारशी घराण्याच्या भट्टीनें २०२४ सालीं ‘सिक्स ब्रदर्स’ या नांवानें मोहाची दारू देखण्या बाटल्यांतून बाजारांत आणली; तिचा एक प्रकार तर मोजक्याच बाटल्यांचा, संग्राहकांसाठीं. चांगलें आहे, देशांतल्या फुलास मान मिळाला तर आम्हांस आनंदच आहे. दारूनें कातकऱ्यांचे संसार मोडले हेंही खरें आहे, आणि वीटभट्टीच्या मालकाकडून उचल घेऊन सबंध कुटुंब बांधलें जातें त्या व्यवहारांतही दारूचा हात असतो. त्यामुळें, पूर्वींची भट्टी त्यांस परत द्यावी, असें आम्ही म्हणणार नाहीं. आम्हांस खटकलें तें निराळेंच. ओटीवर ज्यास चव म्हणतात त्यासच पाड्यावर व्यसन म्हणतात, आणि दोहोंमधला फरक आमच्या ताटाखालीं दाबलेल्या कागदापलीकडे फारसा नव्हता. त्या बाईंनीं मात्र परवाना नसतां चव ओळखली आणि पेलाही नाकारला. आम्हीं परवाना बाळगून तिसरा घोट घेतला.

चौथा घेतला नाहीं. भाच्यानें बूच लावलें तेव्हां बाटली निम्म्याहून अधिक शिल्लक होती. मामांनीं ती हिशेबाच्या वह्यांच्या कपाटांत ठेवून किल्ली स्वतःकडे घेतली. बाईंच्या पाटींत फुलें उरलीं होतीं. मातोश्रींनीं सुचविलें म्हणून तीं आम्हीं घेतलीं. वाळवून, भाजून, गूळ घालून लाडू करतात म्हणे.

संध्याकाळच्या गाडीस गर्दी होती. पिशवी मांडीवर ठेवून बसलों, तों डब्यांत मोहाचा आंबूस-गोड वास पसरला. शेजारच्या गृहस्थांनीं एकदां नाक वर करून आमच्याकडे पाहिलें, एकदां आमच्या जानव्याकडे पाहिलें, आणि आपली ट्रंक उचलून पलीकडच्या बाकावर गेले. वास फुलांचा आहे, हें सांगावें असें मनांत आलें होतें. पण तो सगळाच फुलांचा होता असेंही शपथेवर म्हणवेना, म्हणून आपटें येईपर्यंत आम्ही खिडकीबाहेर पाहत राहिलों.