नाना पेठेतली चेन

मुलांनो, पुण्याची नाना पेठ पाहिलीत का? नाना फडणवीसांच्या नावाची ही पेठ दुचाकीच्या सुट्या भागांसाठी प्रसिद्ध आहे. टायरच्या माळा, ऑइलचा वास अन् हॉर्नचा गोंगाट! तिथल्याच एका गॅरेजात मी टायमिंग चेन जोडताना पाहिली.

दिसते सायकलच्या चेनसारखीच, पण काम मोठं. खाली क्रँकशाफ्ट दोनदा फिरला, की वर कॅमशाफ्ट एकदाच फिरायला हवा. तरच व्हॉल्व्ह वेळेवर उघडतात नि मिटतात.

काही इंजिनांत अख्खी चेन बदलायची, तर सारं इंजिन खोलावं लागतं. मग मिस्त्री युक्ती करतात. तुकडा आत पडू नये म्हणून फडकं कोंबून एक कडी तोडायची. जुन्या टोकाला नवी चेन जोडायची, दोन्ही टोकं ताणून धरायची आणि इंजिन हातानं फिरवायचं. जुनी बाहेर, नवी आत!

शेवटच्या कडीची पिन दाबून तिचं टोक पसरवणारं खास हत्यार मिळतं. ते नसलं, तर मागे जड लोखंड धरून लहान हातोडीनं ठोकतात. कमी ठोकलं, तर कडी निसटेल. जास्त ठोकलं, तर ती वळणारच नाही. आणि धावत्या इंजिनात चेन तुटली, तर पिस्टन व्हॉल्व्हवर आदळू शकतो!

म्हणून मिस्त्रींनी लगेच किक मारली नाही. क्रँकशाफ्ट हातानं दोनदा फिरवून खुणा जुळतात का, ते पाहिलं. हत्यार असो वा नसो, ही तपासणी चुकवायची नाही!