चाकाचं काम आणि निसण्याचं काम

मिरजगाव, ता. कर्जत

चि. बाळास मामाचे अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेली पाऊण इंची पटाशी मिळाली. बाभळीवर चार घाव घातले की धार वळते, पोलादच हलकं असावं, असं तू लिहिलं आहेस. पोलाद चांगलं आहे. उजव्या कोपऱ्यावर निळा डाग दिसतोय ना, तिथं ग्राइंडरवर पोलादाचं पाणी उतरलंय.

पटाशीचं पोलाद तापलं की आधी फिकट पिवळं होतं, मग तपकिरी, मग जांभळं आणि 300 अंशांच्या आसपास निळं. निळं झालं म्हणजे ते मऊ पडलं. नंतर पाण्यात बुडवून काही उपयोग नाही. गेलेला कडकपणा त्यानं परत येत नाही. एकतर निळा भाग हळूहळू घासून काढायचा, नाहीतर भट्टीवर लालभडक करून पुन्हा पाणी द्यायचं. आपल्याकडे वाकस, पटाशी घिसाडी घडवायचे. ते पाणी देताना पात्याच्या रंगावर नजर ठेवून असत, ती याचसाठी. तुझा डाग मी घासून काढतो.

तुझं सहा इंची चाक मिनिटाला सुमारे 2800 फेरे घेतं. म्हणजे त्याच्या कडेचा वेग ताशी 80 किलोमीटर झाला, नगर-सोलापूर रस्त्यावरून धावणाऱ्या गाड्यांइतका. त्यावर पातं दाबून धरलं की पातळ टोक क्षणात तापणारच, आणि कोपरे सगळ्यात आधी. म्हणून दाब अगदी हलका ठेव. एकदा डावीकडून उजवीकडे नेलंस की उचल आणि पाण्यात बुडव. हातमोजे घालू नकोस. ते चाकात ओढले जातात, शिवाय उघड्या बोटाला ऊब लगेच कळते. बोटाला चटका बसेपर्यंत थांबायचं नाही. चाकाचं तोंड गुळगुळीत होऊन चमकायला लागलं की ते कापत नाही, नुसतं घासून तापवतं. मग ड्रेसर फिरवून तोंड खरखरीत करून घे. पांढरं चाक मिळालं तर तेच घे, त्यावर पोलाद कमी तापतं.

उताराचा कोन मोजायला यंत्र लागत नाही. पात्याच्या जाडीच्या सव्वादोन ते अडीच पट लांब उतार ठेवलास की कोन 25 अंशांच्या जवळपास येतो. लिंबाला, सागाला तेवढा पुरे. बाभळीला मात्र धारेपाशी 30 अंश हवेत, नाहीतर टोक तुटतं. आपल्या भागात बैलगाडीची चाकं बाभळीचीच व्हायची, हे लाकूड किती चिवट असतं ते तुला सांगायला नको.

आता मुख्य गोष्ट. चाकावरची धार ही धार नव्हेच. चाकानं फक्त उतार करायचा, तुटलेलं टोक सरळ करायचं. धार निसण्यावर लागते. दगडावर तेलाचे दोन थेंब टाक, उताराचं टोक आणि टाच दोन्ही टेकव, आणि मागच्या बाजूला बोटाला खरखर लागेपर्यंत घास. मग पाठ दगडावर सपाट ठेवून ती खरखर काढ. पाठ तसूभरही उचलायची नाही. उचललीस तर पटाशी पुन्हा कधी सरळ चालणार नाही. धार पाहायला लिंबाच्या तुकड्याच्या टोकावर आडवी चालव. कापलेली जागा चकचकीत दिसली तर झालं. पुढे रोज निसण्यावरच लावत गेलास तर ग्राइंडरची गरज क्वचित पडेल आणि पातंही कितीतरी वर्षं पुरेल. घाईच्या पोटी रोज चाकावर धरून अर्ध्या झालेल्या पटाश्या पाहिल्या की मला फार वाईट वाटतं.

हल्ली पुष्कळ जण कटरच्या पातळ चकतीच्या बाजूवर पटाशी घासतात. तसं कधीही करू नकोस. ती चकती कडेनं कापण्यासाठी असते, बाजूनं दाबली की फुटते.

नवीन चाक बसवण्याआधी टिचकी मारून बघ. आवाज खणखणीत आला तरच बसव, बद्द आला तर त्याला तडा आहे असं समज. टेकू आणि चाक यांत 3 मिलिमीटरपेक्षा जास्त फट ठेवू नकोस. तुझ्या ग्राइंडरवरचं झाकण काढून ठेवलंय असं ताईकडून कळलं. ते आजच बसव, आणि डोळ्यांवर चष्मा असल्याशिवाय बटण दाबू नकोस.

तुझा,
मामा