लष्करातली दुपार

गेल्या जूनमध्ये लेकीच्या प्रवेशाच्या कामासाठी आझम कॅम्पसला गेले होते. कागद तपासून घ्यायला सगळा दिवस जाणार असं धरून डबा, पाण्याच्या दोन बाटल्या आणि झेरॉक्सचा गठ्ठा घेऊन आम्ही निगडीहून सकाळीच निघालो. काम अकरालाच संपलं.

"आता?" लेकीने विचारलं.

"आता लष्कर बघू," मी म्हणाले.

खरं तर मलाच बघायचं होतं. बीएडचं वर्ष मी याच कॅम्पसमध्ये काढलं, निगडीहून रोज जाऊन-येऊन. त्या वर्षात मी काय पाहिलं, तर बसथांबा, वर्ग आणि पुन्हा बसथांबा. पाठ टाचणं लिहायची, तक्ते रंगवायचे आणि मगरिबच्या आत घरी पोचायचं, हा अब्बांचा नियम. वीस-बावीस वर्षांनी, लेकीचं बोट धरून नव्हे तर लेकीच्या मोबाइलमधल्या नकाशाच्या भरवशावर, मी पहिल्यांदा इथे पाहुणी म्हणून फिरले.

आधी रेसकोर्सच्या बाजूच्या रस्त्यांकडे वळलो. गोळीबार मैदानाजवळची वर्दळ मागे पडली आणि एकदम सावली लागली. वड, चिंच आणि ते प्रचंड वर्षावृक्ष, ज्यांच्या फांद्या रस्त्याच्या दोन्ही कडांवरून येऊन मध्यावर भेटतात. आत लांबवर बंगले, कौलारू, रुंद व्हरांड्याचे. फाटकावर फौजी अधिकाऱ्याच्या नावाची पाटी. लेक म्हणाली, "अम्मी, इथे चार डिग्री तरी कमी असेल."

ही झाडं आपोआप आलेली नाहीत. 5 नोव्हेंबर 1817 ला खडकीची लढाई झाली, पेशवाई गेली आणि इंग्रजांनी शहराच्या पूर्वेला आपल्या फौजेची छावणी वसवली. पेठांपासून मुद्दाम दूर. साहेबाला ऊन सोसत नव्हतं, म्हणून रस्ते रुंद आणि रस्त्यांवर झाडं. साहेबाला भाजी, कपडा, घोड्याचा नाल, पाव आणि दारू लागायची, म्हणून शेजारी सदर बाजार. बंगले गोऱ्यांचे, बाजार काळ्यांचा. आजही चालताना पायांना ते कळतं. बंगल्यांच्या रस्त्यावर सावली असते, बाजारात शिरलं की डोकं तापायला लागतं.

जुने पुणेकर या भागाला लष्कर म्हणतात, बाकीचे कॅम्प. मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवते, त्यामुळे शब्दांपाशी थांबायची मला खोड आहे. लष्कर फारसीतून मराठीत आला आणि इथलाच झाला. आणि खुद्द 'उर्दू'? तो तुर्की शब्द, अर्थ छावणी. म्हणजे मी ज्या भाषेत घरी दुआ मागते तिचं नावच कॅम्प! राहिला आपला 'छावणी'. हिंदीत 'छाना' म्हणजे वर आच्छादन घालणं, छप्पर करणं. छावणी त्यातूनच आली. हे सगळं मी लेकीला सांगितलं. ती म्हणाली, "अम्मी, सुट्टी आहे." बरोबर होतं तिचं.

मग चार बावडीला बाबाजानच्या दर्ग्यावर गेलो. गर्दीच्या रस्त्यावर, दुकानांच्या आणि गाड्यांच्या मधोमध हा दर्गा आहे. हजरत बाबाजान या वली बाई होत्या. अफगाण मुलखातून फिरत फिरत गेल्या शतकाच्या सुरुवातीला पुण्यात आल्या आणि इथे एका कडुनिंबाखाली बसल्या. ऊन, पाऊस, थंडी, तिथेच. सांगतात की, कुणी 'माई' म्हटलं की त्या रागवायच्या, म्हणून बाबा. लष्करातल्या रस्त्यावर एक फकीर म्हातारी ठाण मांडून बसते आणि तिच्याभोवती लोक जमतात, हे अधिकाऱ्यांना कसं चालावं? पण शेवटी त्यांनाच त्या झाडापाशी निवारा बांधून द्यावा लागला. 21 सप्टेंबर 1931 ला त्या गेल्या, तिथेच दफन झाल्या.

याच झाडाजवळून 1913 च्या सुमारास मेरवान इराणी नावाचा एक विद्यार्थी डेक्कन कॉलेजला सायकलने जायचा. बाबाजाननी त्याला जवळ बोलावलं, पुढे कपाळाचं चुंबन घेतलं. तोच मेहेरबाबा. इराणी घरातला मुलगा, पठाण बाई, इंग्रजांची छावणी आणि पुण्याचा कडुनिंब.

मी फातिहा पढले. बाहेर आल्यावर लेकीने विचारलं, "त्यांना कुणी विचारलं नसेल का, तुम्ही मूळच्या कुठल्या?"

हा प्रश्न कुठून आला ते मला माहीत होतं. तीन वर्षांपूर्वी आम्ही निगडीतच भाड्याने घर बघत होतो. प्राधिकरणाच्या एका सेक्टरमध्ये एक फ्लॅट होता. रस्त्याला दोन्ही बाजूंनी झाडं, लेकीची शाळा चालत दहा मिनिटं. फोनवर माझं मराठी ऐकून मालकीणबाई खूश झाल्या. "शिक्षिका आहात ना, मग प्रश्नच नाही." शेवटी नाव विचारलं. सांगितलं. "अय्या, मराठी किती छान बोलता! मूळच्या कुठल्या?" दुसऱ्या दिवशी तो फ्लॅट त्यांच्या पुतण्याला लागणार होता. पुढे दोन महिने 'भाड्याने देणे आहे' ही पाटी तिथे होती. लेक शाळेत जाता-येता ती वाचायची. घरी एकदाही बोलली नाही.

ईस्ट स्ट्रीटला आलो तेव्हा कयानी बेकरी दुपारची बंद होती. 1955 पासूनची ही इराण्याची बेकरी. पुण्याबाहेर जाणाऱ्या निम्म्या पिशव्यांत हिची बिस्किटं असतात. समोरच्या फूटपाथवर झाडाखाली बसून डबा उघडला. शेजारी एक पारशी आजी रिक्षाची वाट बघत होत्या. त्यांनी डब्यात डोकावून "खिमा?" असं विचारलं आणि हसल्या. मूळ गाव विचारलं नाही.

तेव्हा लेक म्हणाली, "अम्मी, अपन इधरच रहने कू आयेंगे ना?"

मी लगेच उत्तर दिलं नाही. मलाही सकाळपासून तेच वाटत होतं. इथे अजानचा आवाज येतो, नावाला कुणी अडखळत नाही, खाटीक चार पावलांवर. पण मग मी सावलीचे रस्ते आठवले. ही छावणी तरी सगळ्यांना सारखी कुठे होती? नावांची विचारपूस इथेही झालीच असेल, फक्त फाटकं वेगळी होती. आणि आपण आपापल्या माणसांत जाऊन राहिलो, तर त्या सेक्टरमधली पाटी कोण वाचणार?

दुसरंही एक होतं. शेवटी आम्हाला यमुनानगरात घर मिळालं, ते एका वारकरी आजोबांचं. त्यांनी नाव ऐकलं, आडनाव ऐकलं, आणि एकच अट घातली: "मटण करा, पण वास जिन्यात येऊ देऊ नका, आमच्या हिला चालत नाही." ती अट आम्ही पाळतो. तुकोबांची पालखी देहूहून निगडीत येते त्या दिवशी ते पहाटे उठून लेकीलाही उठवतात. तीही निगडीच आहे.

लेकीला मी एवढंच सांगितलं, "निगडी पण कॅम्पच आहे बेटा. 1972 ला प्राधिकरण झालं, कारखान्यांतल्या माणसांना घरं हवी होती म्हणून. तुझे नाना फलटणकडून आले, शेजारचे लातूरहून, समोरचे केरळहून. तिथली झाडं अजून लहान आहेत."

"आणि पाटी?"

"पाटीचं माझ्याकडे उत्तर नाही."

स्टेशनकडे जाताना वाटेत लाल देऊळ लागलं. लाल विटांचं, उंच घड्याळाच्या मनोऱ्याचं हे सिनेगॉग 1867 ला पूर्ण झालं. बांधवलं डेव्हिड ससून यांनी, त्यांची कबरही तिथेच आहे. बगदादमध्ये जन्मलेला ज्यू, कापूस आणि अफूच्या व्यापारात गब्बर झालेला. आणि गावाने त्याच्या प्रार्थनाघराला 'देऊळ' म्हटलं. आपल्याकडचा शब्द दिला आणि मोकळे झाले. एखाद्याला आपल्यात घ्यायची ही रीत मला फार आवडली. लेकीने त्याचा फोटो काढला.

स्टेशनवर निगडीची बस लागलेली होती. गर्दीत आम्ही वेगळ्या झालो, ती पुढे, मी मागे. कंडक्टर तिच्यापाशी आला. तिने पैसे पुढे केले आणि मला ऐकू येईल एवढ्या मोठ्याने म्हणाली, "दोन निगडी."